मद्यमुक्तीची पहिली सभा : बेथेस्दाच्या तळ्याकाठून



आपल्या धर्मग्रामात एखाद्या पंचेचाळिशीतल्या गृहस्थाचे निधन होते. चर्चच्या सूचनाफलकावर ‘अल्पशा आजाराने’ एवढेच शब्द येतात. सांत्वनासाठी घरी गेलेल्यांना ‘कावीळ झाली होती’ असे सांगितले जाते. सारे मान डोलावतात. अंत्यविधीची मिस्सा होते, दफनभूमीत माती लोटली जाते आणि लोक आपापल्या घरी परततात. खोटे कोणीच बोललेले नसते, परंतु खरेही कोणी बोललेले नसते. तो ‘अल्पसा’ आजार पंधरा-वीस वर्षांचा जुना होता आणि त्याचे नाव अख्ख्या गावाला ठाऊक होते.

त्या आजाराचे नाव मद्यासक्ती. या लेखात आम्ही तिच्या दुष्परिणामांची यादी देणार नाही. ज्यांच्या घरात हे दुःख आहे, त्यांना ती यादी आमच्यापेक्षा अधिक पाठ आहे. दारू सोडावी असे ज्याला मनापासून वाटू लागले आहे, परंतु पहिले पाऊल कोठे टाकावे हे कळत नाही, अशा बांधवाला किंवा भगिनीला मदतगटाच्या पहिल्या सभेपर्यंत पोहोचवणे, हाच या लेखाचा हेतू आहे.

तळ्याकाठचा माणूस

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून राहिलेल्या एका रुग्णाची हकिगत आहे. तो अडतीस वर्षे आजारी होता. प्रभू येशूने त्याच्या पूर्वायुष्याची चौकशी केली नाही. बरे होण्याची इच्छा आहे का, एवढाच प्रश्न विचारला. त्यावर त्या माणसाने सरळ होकार दिला नाही. पाणी हालते तेव्हा मला तळ्यात सोडायला कोणीच नाही, अशी तक्रार त्याने केली.

या प्रसंगातील प्रभूचा प्रश्न आणि त्या रुग्णाची तक्रार, दोन्ही आपल्या विषयाशी अगदी जवळचे आहेत. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजेच ए.ए. या जगभर पसरलेल्या सहवासात सदस्य होण्यासाठी एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा. प्रवेशशुल्क नाही, शिफारसपत्र नाही, आधी काही दिवस दारू बंद ठेवून दाखवण्याचे बंधनही नाही. आणि ‘मला कोणीच नाही’ या तक्रारीला उत्तर म्हणून तेथे माणसे बसलेली असतात. तीही कधीकाळी त्याच काठावर पडून होती.

आजार की पाप?

भाविकांच्या मनात हा प्रश्न हमखास येतो. वैद्यकशास्त्र मद्यासक्तीला आजार मानते. दीर्घकाळच्या मद्यपानाने मेंदूचे कार्य बदलते. एक घोट पोटात गेला की थांबण्याची शक्ती क्षीण होते आणि दारू न मिळाल्यास शरीर बंड करते. ख्रिस्तसभेची शिकवणही येथे समतोल आहे. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २२९०वा परिच्छेद अन्न, मद्य, तंबाखू व औषधे यांचा अतिरेक टाळण्यास सांगतो आणि नशेत वाहन चालवून दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोषी ठरवतो. त्याच ग्रंथाचा १७३५वा परिच्छेद मात्र हेही मान्य करतो की, सवय, भय व मानसिक कारणे यांमुळे माणसाच्या कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते.

याचा व्यवहारी अर्थ असा की, मद्यासक्त माणसाला ‘तू वाईट आहेस’ असे ऐकवून तो बरा होत नाही. तसेच ‘हा तर आजार आहे’ असे म्हणून त्याला स्वस्थ बसताही येत नाही. मधुमेह झाला यात रुग्णाचा दोष नसेल, परंतु निदान झाल्यावर पथ्य पाळणे हे त्याचेच काम असते. प्रायश्चित्त संस्काराने पापांची क्षमा मिळते आणि आत्म्याला बळ मिळते. हाताचा कंप थांबवण्यासाठी मात्र डॉक्टरांकडे जावे लागते आणि एकाकीपणावर इलाज करण्यासाठी माणसांत जावे लागते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. आपल्याकडे अनेक पुरुष प्रायश्चित्त काळात चाळीस दिवस दारूला स्पर्श करीत नाहीत आणि ‘मी मनात आणले तर सोडू शकतो’ याचा तो पुरावा मानतात. मात्र पुनरुत्थानाच्या रविवारी दुपारी काय घडते, हे त्यांच्या पत्नीला विचारावे. चाळीस दिवस मोजून काढणे आणि दारूवाचून जगायला शिकणे या भिन्न गोष्टी आहेत. माउलीपुढे घेतलेल्या शपथा मोडल्या म्हणून निराश झालेल्यांनाही आम्ही सांगू इच्छितो की, शपथ खोटी नव्हती, ती एकट्याने घेतली होती.

पंधरा मिनिटांची भेट

ए.ए.चा आरंभ ज्या भेटीतून झाला, ती जाणून घेतल्यास सभेचे मर्म लवकर कळते. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर व्यावसायिक अमेरिकेतील ॲक्रन शहरात आला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. व्यवहार फिसकटला, खिसा रिकामा झाला आणि हॉटेलच्या बारमधील हास्यविनोद त्याच्या कानी येऊ लागला. आपण आता पिणार हे त्याने ओळखले. त्या क्षणी त्याला उमगले की, दुसऱ्या एखाद्या मद्यासक्ताशी बोललो तरच आपण वाचू. हॉटेलातील फोनवरून त्याने शहरातील धर्मोपदेशकांना फोन लावण्यास सुरुवात केली. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर स्वतः वर्षानुवर्षे पीत होते. ‘पंधरा मिनिटेच थांबेन’ असे बजावून ते आले आणि सहा तासांहून अधिक वेळ बसले.

या माणसाने त्यांना उपदेश केला नाही. स्वतःची हकिगत सांगितली. डॉक्टर बॉब यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा प्याला घेतला आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिन मानला जातो. या प्रसंगात कोणी कोणाला वाचवले? बिल मदत देण्यासाठी गेला नव्हता, मदत मागण्यासाठी गेला होता. आजही प्रत्येक सभेत हेच घडते. जुना सदस्य नवख्यावर उपकार करीत नसतो. नवख्याला पाहून त्याला स्वतःचा पहिला दिवस आठवतो आणि त्याचा आजचा दिवस दारूवाचून पार पडतो. म्हणून आपण सभेवर ओझे होऊ, ही शंका मनातून काढून टाकावी. गटाला नवख्याची गरज असते.

या कार्यात कॅथोलिकांचा वाटाही मोठा आहे. ॲक्रनच्या संत थॉमस रुग्णालयातील सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर बॉब यांच्या एका मद्यासक्त रुग्णाला दाखल करून घेतले. त्या काळी रुग्णालये अशा रुग्णांना घेत नसत, म्हणून कागदावर ‘तीव्र जठरदाह’ असे निदान लिहिले गेले. आपल्या ‘अल्पशा आजाराची’ येथे आठवण व्हावी. फरक इतकाच की, सिस्टरांनी खोटे नाव लिहिले ते रुग्णाला आत घेण्यासाठी. आपण खोटे नाव देतो ते त्याला पोहोचवून आल्यावर. बरे होऊन घरी निघालेल्या प्रत्येकाला सिस्टर पवित्र हृदयाचे एक छोटे चिन्ह देत आणि दारू पिण्यापूर्वी ते मला परत आणून द्यावे, एवढे वचन घेत. १९४० मध्ये येशूसंघीय फादर एडवर्ड डाऊलिंग यांनी बिल विल्सनची भेट घेतली. ते स्वतः मद्यासक्त नव्हते. ए.ए.च्या बारा पायऱ्या आणि संत इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना यांतील साम्य त्यांना जाणवले होते. पुढे ते अनेक वर्षे बिलचे आध्यात्मिक मित्र राहिले.

भारतात ए.ए.चे कार्य १९५७ मध्ये सुरू झाले. आज हे गट सुमारे १८० देशांत आहेत.

सभेपूर्वी डॉक्टर

सभेचा पत्ता शोधण्याआधी एक सूचना आम्ही आग्रहपूर्वक करतो. जो माणूस अनेक महिने दररोज, विशेषतः सकाळपासून पितो, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दारू एकाएकी बंद करू नये. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांतच हातांना कंप, घाम, मळमळ व अस्वस्थता सुरू होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो. ही अवस्था उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते. अशा वेळी कुटुंबीयांनी ‘दारू उतरतेय, पडू द्या’ असे न म्हणता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व यांच्या साहाय्याने हे दिवस सुखरूप पार पडतात. डॉक्टरांना रोजचे प्रमाण खरे सांगावे. चहात नकळत मिसळण्याची जाहिरातीतील औषधे मात्र कटाक्षाने टाळावीत.

औषधोपचार आणि सभा यांत विरोध नाही. उपचाराने शरीर दारूतून बाहेर पडते, सभेत माणूस बाहेर राहायला शिकतो.

सभा कोठे शोधावी?

ए.ए.चे भारतातील सेवा कार्यालय मुंबईत असून त्याच्या संकेतस्थळावर विविध शहरांतील सभांची माहिती मिळते. जवळच्या गटाचा फोन क्रमांक मिळाल्यास आधी फोन करावा. पलीकडे बोलणारी व्यक्ती बहुधा स्वतः दारूतून बाहेर आलेली असते. नाव सांगण्याची आवश्यकता नाही. सभेचा वार, वेळ, भाषा आणि सभा ‘खुली’ आहे की ‘बंद’, एवढे विचारून घ्यावे. खुल्या सभेला कुटुंबीय, मित्र, धर्मगुरू वा कोणीही बसू शकते. बंद सभा केवळ दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. मराठीबरोबरच हिंदी, इंग्रजी व कोकणी भाषांतील सभाही आढळतात. प्रथमच जाणाऱ्याने ‘मला कोणी चर्चच्या कोपऱ्यावर भेटेल का?’ असे विचारायला संकोचू नये.

केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. मानसिक ताण वा निराशेसाठी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. मुक्कामी राहून उपचार घेण्याची गरज असलेल्यांसाठी आपल्याकडे जुनी व अनुभवी केंद्रे आहेत. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने बारा पायऱ्यांना योगसाधनेची जोड दिली. वसईतही कृपाचे केंद्र आहे. डॉक्टर अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र मराठी घरांना परिचित आहेच. अशा केंद्रांतून बाहेर पडल्यावरही गटाच्या सभांना जात राहण्याचा सल्ला दिला जातो, कारण खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते.

त्या एका तासात काय घडते?

सभा बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात किंवा एखाद्या संस्थेच्या खोलीत भरते. ती तासाभराची, फार तर दीड तासाची असते. खुर्च्या, एक टेबल, काही पुस्तके आणि चहा, एवढाच सरंजाम. हजेरीपट नसतो. पूर्ण नाव, आडनाव, गाव वा हुद्दा कोणी विचारीत नाही. पहिले नाव पुरते. सभेच्या आरंभी एक सदस्य ए.ए. म्हणजे काय हे वाचून दाखवतो. मग एकेक सदस्य आपले नाव सांगून, आपण मद्यासक्त आहोत असे म्हणून, तीन गोष्टी सांगतो : पूर्वी काय होते, मग काय घडले आणि आता कसे आहे. मध्येच कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नवख्याला बोलण्याची सक्ती नसते. ‘आज मी फक्त ऐकायला आलो आहे’ असे म्हटले तरी चालते.

शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत. नवख्याने काहीच टाकले नाही तरी चालते. ए.ए. बाहेरच्या देणग्या स्वीकारीत नाही, आपला खर्च सदस्यच भागवतात. सभेची सांगता बहुधा एका छोट्या प्रार्थनेने होते. जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याचे आणि जे बदलता येते ते बदलण्याचे बळ त्या प्रार्थनेत मागितलेले असते.

नवख्याला त्या दिवशी आयुष्यभराची शपथ घ्यायला कोणी सांगत नाही. ‘आजचा दिवस पिऊ नका, उद्या पुन्हा या’ एवढेच सांगितले जाते. दोन-चार जण आपला फोन क्रमांक देतात. तो खिशात ठेवून देण्यासाठी नसतो. पिण्याची तल्लफ आली की पिण्याआधी फोन करावा, असा त्याचा अर्थ असतो. सिस्टर इग्नेशिया यांच्या चिन्हामागचा हेतूही हाच होता. काही काळाने नवखा सदस्य एखाद्या अनुभवी सदस्याला आपला मार्गदर्शक, म्हणजे ‘स्पॉन्सर’ होण्याची विनंती करतो. पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीला निवडावे, असा संकेत आहे.

भगिनींसाठी हे मुद्दाम लिहितो. दारूचा त्रास स्त्रियांनाही होतो आणि त्यांना तो अधिक लपवावा लागतो. काही ठिकाणी स्त्रियांच्या स्वतंत्र सभा असतात. त्या नसतील तर फोनवर एखाद्या स्त्री-सदस्याशी बोलण्याची इच्छा व्यक्त करावी.

कोणी पाहिले तर?

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थाने आपला अनुभव येथे सांगण्यास अनुमती दिली आहे. ओळख पटेल असा तपशील आम्ही वगळला आहे. आपल्या गावातील सभेला जाण्याची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी शेजारच्या धर्मग्रामातील सभा निवडली. पहिल्या शनिवारी ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. दुसऱ्या शनिवारी समोरच्या दुकानात उभे राहून त्यांनी तासभर आत जाणारी माणसे मोजली आणि घरी जाताना गुत्त्यावर थांबले. तिसऱ्या शनिवारी त्यांच्या पत्नीने कोणतेही भाषण केले नाही. “तुम्ही आत जा, मी चर्चमध्ये रोजारी करीत बसते,” एवढेच त्या म्हणाल्या.

ते आत गेले तेव्हा पहिल्याच रांगेत त्यांच्या मुलाच्या वर्गमित्राचे वडील बसले होते. ज्या माणसाला कळेल या धास्तीने त्यांनी आपले गाव टाळले होते, तोच माणूस! ते गृहस्थ उठले, शेजारची खुर्ची ओढून म्हणाले, “बसा. मीपण तुमच्या भीतीनेच इथे येतो.” दोघेही हसले. कित्येक महिन्यांनी आपण शुद्धीत असताना हसलो, असे आमच्या या मित्राला त्या रात्री जाणवले.

‘कोणी पाहिले तर?’ या प्रश्नाचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. जो आपल्याला तेथे पाहील, तो त्याच कारणासाठी तेथे आलेला असेल. आणि सभेत जे ऐकले, जो दिसला, ते बाहेर न्यायचे नाही, हा गटाचा पायाच आहे. गावाविषयी म्हणाल, तर गुत्त्यावर जाताना गावाने आपल्याला पाहिलेलेच असते.

या गृहस्थांची पुढची वाट सरळ नव्हती. पाच महिन्यांनी एका लग्नाच्या मांडवात नातेवाइकांच्या आग्रहाला ते बळी पडले. त्यानंतर नऊ दिवस ते पीत होते. दहाव्या दिवशी ते सभेला गेले तेव्हा तेथे कोणी जाब विचारला नाही. चहा पुढे करून त्यांना सांगण्यात आले : “बरे झाले, परत आलात.” घसरण म्हणजे शेवट नव्हे. घसरल्यानंतर सभेला जायची लाज वाटते, धोका तेथे असतो.

श्रद्धेविषयीच्या शंका

ए.ए. हा एखादा पंथ तर नाही ना, अशी शंका काही भाविकांना येते. ए.ए. कोणत्याही धर्माशी, पक्षाशी वा संस्थेशी संलग्न नाही. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, परंतु ज्याला जसा ईश्वर उमगला तसा, अशी मोकळीक आहे. त्यामुळे एकाच खोलीत हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि देव न मानणारेही बसतात. आपली श्रद्धा तेथे सोडून द्यावी लागत नाही, आणि ती दुसऱ्यावर लादायचीही नसते. पाचवी पायरी म्हणजे आपल्या चुका ईश्वरापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करणे. ती प्रायश्चित्त संस्काराची जागा घेत नाही. मात्र जिने एकदा हे धैर्य मिळवून दिले, ती अनेकांना वर्षांनंतर पापनिवेदनाच्या खुर्चीपर्यंतही घेऊन आली आहे.

दुसरी शंका मिस्सेविषयीची आहे. जेथे ख्रिस्तशरीर द्राक्षारसात बुडवून दिले जाते, तेथे मद्यमुक्त भाविकाने केवळ ख्रिस्तशरीर द्यावे, अशी विनंती धर्मगुरूंना आधीच करावी. प्रभू ख्रिस्त भाकरीच्या रूपातही पूर्णत्वाने उपस्थित असतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्यामुळे कोणतीही उणीव राहत नाही.

ज्यांना आदर्श हवा आहे, त्यांनी वंदनीय मॅट टॅल्बट यांचे स्मरण करावे. डब्लिन शहरातील हा गरीब मजूर बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून पीत होता. १८८४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी दारू सोडण्याची प्रतिज्ञा घेतली. प्रथम केवळ तीन महिन्यांसाठी. ती पुढे वाढत गेली आणि १९२५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती पाळली. १९७५ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले. त्यांनीही आरंभी आयुष्यभराचा हिशेब मांडला नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

याचा उपयोग होतो का?

हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या नामांकित वैद्यकीय संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत १०,५६५ व्यक्तींचा समावेश होता. ए.ए. आणि त्याकडे वळवणारे पद्धतशीर उपचार हे दारूपासून सातत्याने दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांइतकेच, काही बाबतींत त्यांहून अधिक परिणामकारक ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. हा रामबाण उपाय नव्हे. सर्वांनाच तो मानवेल असेही नाही, आणि ज्यांना मानवत नाही त्यांनी समुपदेशन व औषधोपचाराचा मार्ग सोडू नये. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आपल्या देशात ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. ही दरी पाहता, आठवड्यातून अनेकदा भरणारी आणि विनामूल्य असलेली सभा दाराशी असताना तिच्याकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही.

घरच्यांसाठी आणि धर्मग्रामासाठी

पती सभेला जायला तयार नसेल तर पत्नीने काय करावे? तिने स्वतः जावे. ‘अल-अनॉन’ हे कुटुंबीयांचे स्वतंत्र गट १९५१ मध्ये संघटित झाले. हे दारूचे दुखणे आपण निर्माण केलेले नाही, आपल्याला ते ताब्यात ठेवता येत नाही आणि आपल्याला ते बरे करता येत नाही, हे तेथे शिकायला मिळते. बाटल्या लपवणे, मालकाला फोन करून ‘त्यांना ताप आहे’ असे सांगणे, उधारी चुकती करणे, ही प्रेमाची कामे वाटतात. प्रत्यक्षात ती आजाराला मुदतवाढ देतात. मात्र घरात मारहाण होत असेल, तर सहनशीलतेला पुण्य समजू नये. आधी स्वतःला व मुलांना सुरक्षित ठिकाणी न्यावे.

धर्मग्रामाकडेही आमच्या काही नम्र विनंत्या आहेत. सभेसाठी एक खोली द्यावी आणि ती अशा ठिकाणी असावी की, आत जाणाऱ्याला चर्चच्या अंगणातील गर्दी ओलांडावी लागू नये. सूचनाफलकावर सभेचा वार व वेळ कायम लिहिलेली असावी. लग्नाच्या मांडवात ‘नको’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये. सरबताचा प्याला हाती असलेल्या पाहुण्याची थट्टा करू नये. त्या प्याल्यामागे केवढा संग्राम आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

शेवटी, हा लेख वाचता वाचता ज्याला स्वतःचा चेहरा दिसला, त्या बांधवाला वा भगिनीला आम्ही एवढेच सांगू इच्छितो. कायमची दारू सोडण्याचा निर्णय आज घेऊ नका, तो आज झेपणार नाही. फोन करा, सभेची वेळ विचारा आणि पंधरा मिनिटांसाठी आत जाऊन बसा. डॉक्टर बॉबही पंधरा मिनिटांसाठीच गेले होते. दाराजवळची खुर्ची निवडा, म्हणजे केव्हाही उठता येईल. अडतीस वर्षे काठावर पडून असलेल्या त्या माणसालाही प्रभूने पाण्यात उडी घ्यायला सांगितले नाही. उठायला सांगितले, आपली बाज उचलायला सांगितले आणि चालायला सांगितले.

बेथेस्दाच्या काठी त्या माणसाजवळ ‘कोणी’ नव्हते. पुढल्या सभेत तुमच्यासाठी एक खुर्ची रिकामी आहे आणि तिच्या शेजारी कोणी तरी बसलेले आहे. त्यालाही तुमची गरज आहे.